रश : ज्याने कधीच ऐकले नाही, त्याला पहिल्यांदा काय ऐकवावे?

सांजपाखरू (धागाकर्ता)

माझी भाची गेली नऊ वर्षे तबला शिकते आहे. नाताळच्या सुट्टीत ती आठवडाभर आमच्याकडे राहायला येणार आहे. परवा फोनवर तिने मला सरळच विचारले, "मामा, तू ज्यांच्यासाठी तासन् तास हेडफोन लावून बसतोस ते तिघे कोण, आणि त्यांचे एकच काहीतरी ऐकवायचे झाले तर मला काय ऐकवशील?" मी तिला "आलीस की सांगतो" म्हणालो खरे, पण तेव्हापासून माझे काही ठरत नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रश हा कॅनडाचा बँड १९६८ मध्ये टोरांटोच्या विलोडेल भागात सुरू झाला. १९७४ च्या जुलैमध्ये, अमेरिकेचा पहिला दौरा दोन आठवड्यांवर आलेला असताना, मूळ ड्रमवादकाच्या जागी नील पिअर्ट आले, आणि तेव्हापासून २०१५ पर्यंत तेच तिघे एकत्र राहिले : बास, कीबोर्ड आणि गायन गेडी ली यांचे, गिटार ॲलेक्स लाइफसन यांची, ड्रम आणि बहुतेक सगळी गीते पिअर्ट यांची. पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत मोजले तर स्वतःच्या रचनांचे एकोणीस स्टुडिओ अल्बम होतात.

मला हा बँड जिवापाड आवडतो, त्याचे कारण अवघड मात्रा किंवा वीस-वीस मिनिटांच्या रचना हे नाही. तिघेही एकाच वेळी भरपूर वाजवत असतात आणि तरीही प्रत्येकाला दुसऱ्याचे नीट ऐकू येत असते, हे मला इतरत्र फार कमी आढळले. भाचीला जे ऐकवीन त्यात हे तिला जाणवले पाहिजे. म्हणून विचारतो, एकच रचना निवडायची झाली तर तुम्ही कोणती निवडाल, आणि का?

जुना_कॅसेटवाला

माझे उत्तर '२११२', आणि ते संपूर्ण.

१९७५ चा 'कॅरेस ऑफ स्टील' हा अल्बम चालला नाही, दौऱ्यात सभागृहे रिकामी राहू लागली, आणि आता लहान, रेडिओवर वाजतील अशी गाणी करा असा आग्रह कंपनीकडून सुरू झाला. त्यावर या तिघांनी १९७६ मध्ये आणखी एक लांब रचना केली, एका बाजूची वीस मिनिटे, सात भागांची. बंद पडायचेच असेल तर आपल्या मनासारखे करून बंद पडू, अशी त्यांची त्या वेळची भूमिका होती. तो अल्बम चालला आणि पुढे त्यांना काय करा हे कोणी सांगितले नाही.

तुमच्या भाचीसाठी यातला तिसरा भाग महत्त्वाचा आहे. संगीतावर पुजाऱ्यांनी बंदी घातलेल्या जगात एका माणसाला धबधब्यामागच्या खोलीत गिटार सापडते. ते काय आहे हे त्याला ठाऊक नाही. मागे पाणी वाहत असते आणि लाइफसन एकेक तार छेडतात, ती सुरात नसते, मग खुंटी पिळून हळूहळू ती जागेवर आणतात. वाद्य लागत जाण्याची ही क्रिया त्यांनी रचनेतच ठेवली आहे. जिने नऊ वर्षे हातोडीने तबल्याच्या गट्ट्यांवर ठोके देत सूर मिळवला आहे, तिला या दोन मिनिटांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

एक आठवण सांगतो. १९९१ मध्ये मी हे एका दुकानातून कोऱ्या कॅसेटवर भरून घेतले होते. दुकानदाराने त्याच बाजूला आधी दुसरी दोन गाणी भरली, त्यामुळे सहावा भाग संपता संपता टेप संपली. त्या भागाच्या शेवटी नायक निराश होऊन जीव देतो. गोष्ट तिथेच संपते असे मी सहा वर्षे धरून चाललो होतो. पुढे मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून सीडी आणली आणि सातवा भाग पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

कोथरूडची_कावेरी

कॅसेटवाले, तुमची आठवण मनाला भिडली, पण पहिल्या भेटीसाठी '२११२' मला योग्य वाटत नाही. त्या वर्षांतला गेडी लींचा आवाज फार चढा आणि धारदार आहे. आपल्याला त्याची सवय झाली आहे आणि आपण त्यावर प्रेमही करतो, परंतु नवा श्रोता दुसऱ्याच भागात त्या आवाजाशी अडखळतो आणि गिटारच्या खोलीपर्यंत पोहोचतच नाही. माझ्या घरातल्या तिघांच्या बाबतीत हे झाले आहे.

१९८० नंतर त्यांनी पट्टी खाली आणली आणि तो आवाज एकदम माणसाळला. म्हणून माझे मत १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'ला, आणि त्यातही 'लाइमलाइट'ला. चाहत्यांच्या गर्दीत अवघडणाऱ्या एका लाजाळू माणसाने ते लिहिले आहे. पिअर्ट आयुष्यभर तसेच राहिले आणि चाहत्यांच्या भेटीगाठी दुसऱ्या दोघांनी सांभाळल्या. त्या गाण्यातला लाइफसन यांचा सोलो त्यांच्या सगळ्या वादनातला सर्वांत एकाकी सोलो आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

टोरांटोवासी

कावेरीताईंना अनुमोदन. 'मूव्हिंग पिक्चर्स'च्या मुखपृष्ठावर ज्या इमारतीच्या पायऱ्या दिसतात ती इथल्या क्वीन्स पार्कमधली ऑन्टारियोच्या विधानमंडळाची इमारत आहे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा अल्बमचे मुखपृष्ठ हातात धरून समोरच्या तीन कमानी मोजल्या होत्या. चित्रात हमाल तसबिरी हलवत आहेत, बाजूला उभ्या असलेल्या लोकांना त्या पाहून भरून आले आहे, आणि मागच्या बाजूला या सगळ्याचे चित्रीकरण चालले आहे, म्हणजे अल्बमच्या नावाचे तीन अर्थ एकाच चित्रात बसवले आहेत. हे काम ह्यू साइम यांचे. रशची मुखपृष्ठे १९७५ पासून तेच करत आले.

माझी निवड मात्र त्याच अल्बममधली 'वायवायझेड' ही शब्दांविना रचना आहे. ही तीन अक्षरे म्हणजे टोरांटो विमानतळाची खूण. सामानाच्या चिठ्ठीवर ती छापलेली असते. लाइफसन स्वतः विमान चालवतात. त्यांच्याबरोबर छोट्या विमानातून परतत असताना विमानतळाच्या दिशादर्शक यंत्रणेचा मोर्स संदेश कानावर पडला, 'वाय, वाय, झेड' असा पुन्हा पुन्हा येणारा, आणि त्या ठोक्यांनीच रचनेची सुरुवात झाली. पुण्याहून परत येताना विमान उतरू लागले की मी आजही ती ऐकतो.

गझलवेडा_अमरावती

मला रॉक संगीतातले फारसे कळत नाही, माझा मुलगा ऐकतो म्हणून हा धागा उघडला. टोरांटोवासी यांनी लिहिलेले वाचून ती रचना लावली आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मोर्समध्ये 'वाय' हे अक्षर लांब, आखूड, लांब, लांब असे आहे. लांब म्हणजे गुरू, आखूड म्हणजे लघु असे धरले तर ते होते गालगागा. मराठी गझल लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत ही लगावली बसलेली असते. व्योमगंगा या वृत्तात तीच चार वेळा येते. 'झेड' म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड, अर्थात गागालल. तेव्हा पूर्ण ओळ झाली गालगागा गालगागा गागालल. मात्रा मोजल्या तर सात, सात आणि सहा, एकूण वीस. एखादा शायर पहिल्या दोन गणांत वाचकाला व्योमगंगेचा भरवसा देतो आणि तिसऱ्यात एका मात्रेने पाऊल मागे घेतो, तसे हे ऐकताना वाटते. प्रत्येक आवर्तनाला पायाखालची पायरी किंचित आधी लागते.

ज्यांनी ही रचना केली त्यांना गालगागा ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही ती ओळखीची वाटली, याचा मला फार आनंद झाला.

सांजपाखरू

गझलवेडा, मी ही रचना पंचवीस वर्षे ऐकतो आहे आणि आज पहिल्यांदा ती मला म्हणता आली. मनापासून आभार.

तालमापक

तबल्याचा विद्यार्थी म्हणून गझलवेडा यांच्या मोजणीत एक भर घालतो. पाश्चात्त्य लेखनात 'वायवायझेड'ची सुरुवात पाच ठोक्यांची म्हणून लिहितात, आणि पाचाची दुप्पट दहा म्हणून अनेक जण तिला घाईने झपताल म्हणतात. ते बरोबर नाही. झपतालाच्या दहा मात्रांचे विभाग दोन, तीन, दोन, तीन असे असतात आणि त्या विभागांमुळेच तो झपताल होतो. इथे वीस अर्ध्यांची वाटणी सात, सात, सहा अशी आहे. मी झपतालाचा ठेका धरून बसून पाहिले, तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दरवेळी जुळते, पण दुसरी टाळी कुठल्याच ठोक्यावर बसत नाही आणि खाली दुसऱ्या 'वाय'च्या मध्येच येते. दहाच्या आवर्तनात वाजवलेली एखादी बेढब तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे) म्हणून मात्र ती बरोबर बसते, कारण दोन सारखे पल्ले आणि तिसरा सम गाठण्यासाठी आखूड केलेला, असा तिचा घाट आहे.

सात मात्रांचे म्हणाल तर 'टॉम सॉयर'चा मधला वाद्यांचा भाग आणि 'सबडिव्हिजन्स'ची सुरुवात सातात आहे. रूपक या सात मात्रांच्या तालाशी तुलना करण्याचा मोह होतो, पण रूपकाची पहिलीच मात्रा खालीची, म्हणून तो एक पाऊल उचलल्यासारखा चालतो. पिअर्ट यांचे सात पहिल्या ठोक्यावर पाय रोवून सुरू होतात. तुमच्या भाचीला हा फरक पहिल्याच आवर्तनात कळेल.

निवृत्त_तारमास्तर

माझी सारी नोकरी तारखात्यात गेली आणि १४ जुलै २०१३ रोजी या देशात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या तेव्हा मी आमच्या जुन्या कचेरीसमोर जाऊन उभा होतो. हा धागा नातवाने दाखवला.

गझलवेडा यांच्या हिशेबात गुरू दोन मात्रांचा आहे. खऱ्या मोर्समध्ये लांब ठोका आखडाच्या तिप्पट असतो, एका अक्षरातल्या दोन ठोक्यांमध्ये एका आखडाएवढी आणि दोन अक्षरांमध्ये तिनाएवढी विश्रांती असते. या वादकांनी विश्रांती काढून टाकली आणि लांब ठोका दुपटीवर आणला. तारमास्तर म्हणून मी याला अशुद्ध पाठवणी म्हणायला हवे, आणि शिकाऊ असताना मी असे पाठवले असते तर साहेबांनी बोटांवर पट्टी मारली असती. पण नातवाने मला काही न सांगता ते वाजवले, तेव्हा दुसरी वेळ येण्याच्या आत माझ्या उजव्या हाताने टेबलावर 'वाय' उमटवला होता. कट्ट-कडकट्ट थांबून इतकी वर्षे झाली. त्या हाताला अजून ते आठवते, हे मला त्या दिवशी समजले.

कोथरूडची_कावेरी

तारमास्तर काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि घरच्यांना वाचून दाखवला.

दहिसरकर

मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक) म्हणजे माझ्या लेखी किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस हे बँड, म्हणजेच १९६९ ते १९७५ चे इंग्लंड. रश त्यांचे ऐकून मोठे झाले आणि मुळात ते जड, दणकट रॉक वाजवणारे आहेत. १९७४ चा त्यांचा पहिला अल्बम कोणी घेईना म्हणून त्यांनी स्वतःच काढला, आणि तो अमेरिकेत उचलला गेला तो क्लीव्हलँडच्या एका रेडिओ केंद्रामुळे, 'वर्किंग मॅन' हे गाणे तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांनी आपलेसे केले म्हणून. हे सांगण्यात त्यांचा कमीपणा नाही. मात्र त्यांना प्रोग्रेसिव्हचे शिखर म्हणताना हा पाया विसरला जातो.

दुसरे, '२११२'च्या अल्बमवरील नोंदीत लेखिका आयन रँड यांचे ऋण मानले आहे. व्यक्तीला सर्वस्व मानणारी त्यांची विचारसरणी मला मान्य नाही. भाचीला हे ऐकवताना याचीही कल्पना द्यावी.

शब्दखूण

दहिसरकर, पाया तुम्ही सांगता तसाच आहे, आणि म्हणूनच मला हा बँड अधिक भावतो. इंग्लंडच्या त्या बँडांमध्ये चार-पाच माणसे होती आणि मागे चर्चमधल्या समूहगायनाची परंपरा होती. इथे उपनगरातल्या तिघांनी कामगाराच्या गाण्यापासून सुरुवात केली आणि चार वर्षांत ते 'हेमिस्फिअर्स' या अल्बमपर्यंत पोहोचले.

रँड यांच्याविषयीही तुमची नोंद खरी आहे. पिअर्ट विशीत असताना त्यांच्यावर तो प्रभाव होता आणि पुढे आपण त्यातून बाहेर आलो असे त्यांनीच सांगितले. १९७८ मध्ये एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने याच कारणावरून या बँडला फॅसिस्ट विचारांचे ठरवण्यापर्यंत मजल मारली होती. तो आरोप किती जिव्हारी लागला असेल हे समजण्यासाठी गेडी लींच्या घरात डोकावावे लागते. त्यांचे आईवडील पोलंडचे ज्यू, नाझी छळछावण्यांतून वाचलेले. मुलाचे नाव गॅरी, पण आईच्या उच्चारात ते 'गेडी' झाले आणि मित्रांनी तेच उचलले. लाइफसन हे नावही असेच घरातून आले आहे. त्यांचे सर्बियन आडनाव झिव्होयिनोविच, आणि लाइफसन हा त्याचाच शब्दशः अर्थ, म्हणजे जीवनाचा पुत्र.

गेडींची आई बर्गन-बेल्सनच्या छावणीतून एप्रिल १९४५ मध्ये सुटली. बाहेर जग अजून शिल्लक आहे यावर तेव्हा कैद्यांचा विश्वासच बसला नव्हता, असे ती सांगत असे. १९८४ च्या 'रेड सेक्टर ए' या गाण्यामागे ही आठवण आहे. शब्द पिअर्ट यांचे, आणि ते गातो तो त्या आईचा मुलगा. त्यात बास गिटार जवळजवळ नाहीच, गेडी कीबोर्डवर उभे राहून गातात. माझी निवड हीच.

मांडवीकर

मी पणजीचा. गोव्यात घरोघरी कोणी ना कोणी व्हायोलिन किंवा गिटार शिकलेले असते. मी बास वाजवतो, बहुधा लग्नांत. गेडी लींविषयी एका बासवादकाने सांगायला हवे ते सांगतो.

बास आणि गायन एकत्र करणे अवघड असते, कारण बासचा हात तालाबरोबर जातो आणि गळा शब्दांबरोबर, आणि दोन्हींचे जोर वेगवेगळ्या जागी पडतात. गेडी हे करत असताना एका पायाने जमिनीवरच्या टॉरस नावाच्या पट्ट्या दाबून खालचा खर्ज देतात, आणि मध्येच बासवरचा हात काढून कीबोर्डवर नेतात. चौथा माणूस घ्यायचा नाही असे ठरवल्यामुळे हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. पायाने खर्ज धरताना शरीराचा भार दुसऱ्या पायावर जातो. त्या अवस्थेत सूर लावून पाहा, म्हणजे कळेल. मी घरी महिनाभर प्रयत्न केला आणि एक कडवे जमले.

म्हणून माझे उत्तर 'झानाडू', १९७७. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत त्यांनी ते ध्वनिमुद्रित केले. सुरुवातीला जे पक्षी ऐकू येतात ते त्या स्टुडिओच्या आवारातलेच, आणि पिअर्ट यांचे लाकडी ठोकळेही तिथेच बाहेर, उघड्यावर वाजवलेले आहेत. कोलरिज यांच्या कुब्लाखानावरच्या कवितेतून शब्द सुचले आहेत, पण गळा उघडेपर्यंत जवळपास पाच मिनिटे जातात. तोपर्यंत गिटार अंधारातून पुढे येत राहते, घंटा वाजतात, ठोकळे वाजतात. आलापाची सवय असलेल्या श्रोत्याला हा धीर परका वाटणार नाही.

सांजपाखरू

मांडवीकर, 'झानाडू' माझ्या यादीतच नव्हते. आता आहे.

कोथरूडची_कावेरी

सर्व जण सत्तरच्या दशकात रमले आहेत, म्हणून 'सबडिव्हिजन्स'साठी बाजू मांडते. १९८२ च्या 'सिग्नल्स'पासून कीबोर्ड पुढे आले आणि लाइफसन यांची गिटार मागे ढकलली गेली, अशी तक्रार जुने चाहते करतात. स्वतः लाइफसनही त्या काळाबद्दल फार समाधानी नव्हते. 'सिग्नल्स'नंतर निर्माते टेरी ब्राउन यांच्याशी असलेला त्यांचा दीर्घ संबंधही संपला. असे असूनही, एकसारख्या घरांच्या उपनगरात वाढणाऱ्या आणि कुठल्याच टोळक्यात न बसणाऱ्या मुलामुलींसाठी इतक्या आपुलकीने लिहिलेले दुसरे गाणे मला माहीत नाही. मी अकरावीत असताना, वर्गात कोणाशी बोलावे हे न कळणाऱ्या वर्षात, ते ऐकले. सात मात्रा मोजता येण्याच्या कितीतरी आधी ते मला कळले होते.

नीरव_रात्र

हा प्रतिसाद लिहावा की नाही याचा दोन दिवस विचार केला.

ऑगस्ट १९९७ मध्ये पिअर्ट यांची तेव्हाची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली, आणि दहा महिन्यांनी त्यांची पत्नी कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच त्यांनी दोघा मित्रांना सांगितले होते की मला निवृत्त झालो असे समजा. मग क्वेबेकमधल्या तळ्याकाठच्या घरातून ते मोटारसायकलवर एकटे निघाले आणि कॅनडा, अलास्का, अमेरिका, मेक्सिको असे चौदा महिन्यांत सुमारे ८८,००० किलोमीटर हिंडले. या काळात गेडी आणि लाइफसन यांनी दुसरा ड्रमवादक शोधला नाही. ते वाट पाहत राहिले.

२००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' आला. तो पूर्ण व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला होता. त्यात एकही कीबोर्ड नाही. पहिल्या गाण्याची पहिली काही सेकंदे फक्त ड्रम आहेत, आणि इतक्या वेगाने, की जणू कोणी बंद दार ठोठावत आहे.

माझे यजमान २०१७ मध्ये गेले. गाडीत हा अल्बम राहिला होता, तो त्यांचा होता. सहा महिने मी गाडीला हात लावला नाही. ज्या दिवशी चावी फिरवली त्या दिवशी ते ड्रम सुरू झाले. ते बंद करावेसे वाटले नाही, एवढेच मला सांगता येईल. भाचीला हे पहिल्यांदा ऐकवू नका. ते तिला पुढे कधीतरी आपणहून सापडू द्या.

जुना_कॅसेटवाला

ताई, लिहिलेत हे फार बरे केलेत. आपल्याकडे मूळ प्रत असेल तर २०१३ ची नव्याने मिश्रण केलेली आवृत्तीही जरूर ऐकावी. मूळ मुद्रणात आवाजाची पातळी इतकी वर नेली होती की झांजा फाटल्यासारख्या ऐकू येत. नव्या आवृत्तीत प्रत्येक वाद्याभोवती मोकळी हवा आहे.

नीरव_रात्र

नवी ऐकली आहे आणि ती अधिक स्वच्छ आहे हे मान्य. गाडीत मात्र जुनीच आहे.

तालमापक

भाचीसाठी एक गोष्ट लिहायची राहिली होती. १९९४ च्या सुमारास, सगळे जग त्यांना सर्वोत्तम ड्रमवादकांपैकी एक मानत असताना, पिअर्ट फ्रेडी ग्रुबर या वयोवृद्ध शिक्षकाकडे शिकायला गेले. वय बेचाळिशीच्या आसपास, वाजवायला लागून जवळजवळ तीस वर्षे झालेली. ग्रुबर यांनी त्यांना ठोक्यापेक्षा दोन ठोक्यांमधल्या हाताच्या प्रवासाकडे पाहायला लावले. काडी धरण्याची पद्धत बदलली, बसण्याची उंची बदलली, ड्रमची मांडणी बदलली. आणि मग त्यांनी रोज तळघरात बसून नवशिक्याप्रमाणे सराव केला.

माझ्या गुरुजींनी माझा 'तिरकिट' मोडून पुन्हा बसवला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आणि तरीही रडलो होतो. बसलेला हात मोडणे म्हणजे काय, ते ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच ठाऊक.

टोरांटोवासी

१७ जून २०१५ ला मी इथल्या कार्यक्रमाला होतो. त्या दौऱ्यात त्यांनी गाणी उलट्या क्रमाने वाजवली, नव्यापासून जुन्याकडे. दोन गाण्यांच्या मध्ये कामगार येऊन रंगमंचावरचे सामान हळूहळू उचलून नेत होते. मध्यंतरानंतर पिअर्ट सत्तरच्या दशकातल्यासारख्या वेगळ्या ड्रमसंचावर बसले, आणि 'झानाडू'साठी गेडी आणि लाइफसन दोघांनी दोन मानांच्या गिटारी गळ्यात घातल्या, तेव्हा माझ्या शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. शेवटी उरले ते शाळेच्या व्यायामशाळेचे चित्र, खुर्च्यांवर ठेवलेले दोन लहान ॲम्प्लिफायर, आणि 'वर्किंग मॅन'. त्याच वर्षी १ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, आणि ७ जानेवारी २०२० ला पिअर्ट मेंदूच्या कर्करोगाने गेले. साडेतीन वर्षे ते आजारी होते आणि जवळच्या लोकांनी ती गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गेडी आणि लाइफसन यांनी जर्मन ड्रमवादक आनिका निलेस यांच्यासह २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली, आणि पहिला कार्यक्रम त्याच फोरममध्ये ठरवला. मी तिकीट काढले आहे.

दहिसरकर

पिअर्ट यांच्याशिवाय त्या नावाने वाजवू नये, असे मला वाटते.

नीरव_रात्र

दहिसरकर, त्यांनी एकदा पाच वर्षे वाट पाहिली, आणि आता पिअर्ट गेल्यावरही पाच वर्षांहून अधिक थांबले. पिअर्ट यांच्या दुसऱ्या पत्नी आणि त्या लग्नातल्या मुलीचाही या दौऱ्याला पाठिंबा आहे. दोन जुन्या मित्रांना पुन्हा एकत्र वाजवावेसे वाटले, तर त्यांना ते नाव लावू द्यावे.

दहिसरकर

हे मी या बाजूने पाहिले नव्हते.

सांजपाखरू

भाची परवा आली. सगळ्यांचे प्रतिसाद मी कागदावर उतरवून ठेवले होते, पण तिला त्यातले काही सांगितले नाही.

आधी 'वायवायझेड' लावले. ती मांडीवर बोटे ठेवून ऐकत होती. तिसऱ्या आवर्तनाला तिची करंगळी सातव्या मात्रेवर थांबली, चौथ्याला तिने मान हलवली, आणि मग म्हणाली, "हे शेवटी एक खातात." गझलवेडा, तिला मी तुमची गालगागा म्हणून दाखवली. तिने ती पढंतीसारखी दोनदा म्हटली आणि हाताने मोजत समेवर अचूक आली. तारमास्तर काका, तुमची तीन मात्रांची दुरुस्तीही तिला सांगितली, तेव्हा तिने शुद्ध मोर्स कसे ऐकू येते ते विचारले. मला ते वाजवून दाखवता आले नाही.

नंतर 'झानाडू' लावले. मांडवीकर, ती पाच मिनिटे काहीही बोलली नाही. ठोकळे आणि घंटा सुरू झाल्यावर ती पुढे सरकून बसली, आणि गाणे संपल्यावर विचारू लागली, "तिघेच आहेत असे तू म्हणाला होतास ना, मग घंटा आणि ते लाकडी वाजवणारा चौथा कोण?" मी सांगितले की ड्रमवाले आहेत तेच. तिने २०१५ च्या कार्यक्रमाचे चित्रीकरण मागून घेतले, ज्या क्षणी पिअर्ट काडी खाली ठेवून घंटांकडे वळतात तिथे ते थांबवले, मागे नेले, आणि पुन्हा पाहिले. असे तिने चार वेळा केले. मग मला म्हणाली, "त्यांनी वळायला कधी सुरुवात केली ते बघ, घंटेच्या कितीतरी आधी." तालमापक, ग्रुबर यांच्याविषयी तिला मी तेव्हा सांगितले.

ती मंगळवारपर्यंत इथे आहे. आता पुढे काय ऐकवू?

कोथरूडची_कावेरी

आता 'सबडिव्हिजन्स', आणि तेही रात्री, दिवे मालवून.